अकरा दिवाणखाने आणि एक खोली

लंडनला जाऊन आलेल्या मराठी माणसाला "काय काय पाहिलंत?" असे विचारावे, की तो बोटांवर मोजून सांगू लागतो : बकिंगहॅमचा राजवाडा, टॉवरमधला कोहिनूर, ब्रिटिश म्युझियम आणि मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे. मीही ही चार ठिकाणे यथासांग पाहिली. लेक लंडनला, जावई उत्साही, आणि माझे गुडघे तेव्हा आजच्याहून बरे. मग काय विचारता! पण वाचकहो, आज आपल्याला घेऊन जायचे आहे ते या चारांपैकी कुठेही नाही. लंडनच्या पूर्वेकडे, व्हिएतनामी खानावळींनी गजबजलेल्या किंग्सलँड रस्त्यावर, एक टुमदार संग्रहालय आहे. तिथे ना कोहिनूर, ना ममी. तिथे आहेत नुसत्या घरांतल्या खोल्या.

या जागेचा शोध लावला माझ्या नातीने. ती आठ वर्षांची. शाळेच्या सहलीबरोबर जाऊन आली आणि रात्री जेवताना म्हणाली, "आजी, तिथे लोकांची घरं आहेत, पण लोक नाहीत. आणि आता सगळीकडे ख्रिसमस लावलाय." 'ख्रिसमस लावलाय' हा शब्दप्रयोग मला फार आवडला. आपण कंदील लावतो, माळा लावतो, तसा त्यांनी सबंध सणच लावून ठेवला होता!

ही २०१६ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. तेव्हा या संग्रहालयाचे नाव होते 'जेफ्री म्युझियम'. दरवर्षी नाताळच्या सुमारास तिथल्या प्रत्येक खोलीत त्या त्या काळचा नाताळ मांडायचा, असा त्यांचा जुना रिवाज होता. 'गतकाळचा नाताळ' असे त्या प्रदर्शनाचे नाव. प्रवेशाला एक पैसा नाही. लंडनमध्ये फुकट काही मिळते आहे म्हटल्यावर पुणेकराने मागे राहावे हे शक्य तरी आहे का?

एका शनिवारी आम्ही तिघी, म्हणजे मी, लेक आणि नात, क्रॉयडनहून आगगाडीने निघालो. गाडी थेट हॉक्स्टन स्टेशनात जाते आणि हे स्टेशन संग्रहालयाच्या अगदी पिछाडीला आहे. फलाटावरूनच त्याची बाग दिसते. बाहेर डोळ्यांत पाणी आणणारी थंडी. मी साडीखाली लोकरी पायमोजे, वर लेकीचा ओव्हरकोट आणि डोक्याला शाल अशा थाटात चालले होते. नातीने मला रस्त्यात एकदा "आजी, तू कांद्यासारखी दिसतेस," असे सांगितले.

फाटकातून आत शिरल्यावर पहिल्यांदा नजरेत भरते ते समोरचे अंगण. मोठमोठी झाडे, हिवाळ्याने उघडी पडलेली. आणि तिन्ही बाजूंनी तपकिरी विटांची बसकी, सारखी, एकमेकींना लागून असलेली चौदा घरे. मधोमध प्रार्थनामंदिर, त्याच्या दारावर कोनाड्यात एका गृहस्थाचा पुतळा. हेच ते सर रॉबर्ट जेफ्री. लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यांचा जो संघ होता त्यातले मातबर. १६८५ साली लंडनचे लॉर्ड मेयर झाले. १७०४ साली वारले. मृत्युपत्रात त्यांनी पैसे ठेवले, ते गरीब वृद्धांना राहायला घरे बांधण्यासाठी. त्या पैशांतून संघाने १७१४ साली ही चाळ बांधली. (ही रचना पाहून माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'चाळ', आता दुसरा शोधत बसत नाही.) दोनशे वर्षे इथे म्हातारी माणसे राहिली, बहुतेक विधवा बायका. पुढे भोवतालची वस्ती फार दाट झाली, म्हणून १९१२च्या सुमारास त्यांना केंट परगण्यात हलवले. लंडनच्या कौंटी कौन्सिलने जागा घेतली आणि १९१४ साली तिथे संग्रहालय उघडले. भोवतालचा शोरडिच भाग म्हणजे सुतारांचा, फर्निचर करणाऱ्यांचा. त्यांच्या पोरांनी जुनी चांगली कारागिरी पाहून हात सुधारावा, हा मूळ हेतू. पुढे १९३०च्या दशकात मार्जोरी क्वेनेल नावाच्या विदुषीकडे कारभार आला. या बाईंनी आपल्या यजमानांबरोबर इंग्लंडातल्या रोजच्या वापराच्या वस्तूंचा इतिहास लिहिलेला. त्यांनी खुर्च्या-टेबले नुसती ओळीने ठेवण्याऐवजी काळाच्या क्रमाने खोल्याच लावल्या. माझ्या मते या जागेचे सारे भाग्य त्या एका निर्णयात आहे.

कारण वस्तू काचेत ठेवली की ती देखणी होते, पण मुकी होते. पुण्याच्या केळकर संग्रहालयात मी किती वेळा गेले असेन! दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी जन्मभर घराघरांतून गोळा केलेले ते दिवे, ते अडकित्ते; पाहून ऊर भरून येतो. तरी प्रत्येक वेळी वाटते, हा दिवा कुठल्या कोनाड्यात होता? तेल कोण घालीत असे? इथे त्या प्रश्नांना जागाच ठेवलेली नाही. टेबलावर पत्ते अर्धवट टाकलेले, खुर्ची मागे सरकवलेली; जणू घरची माणसे आताच उठून दाराशी कोण आले ते पाहायला गेली आहेत.

पहिली खोली १६३० सालची. लाकडी तक्तपोशीचा दिवाणखाना, भिंतीशी हिरव्या डहाळ्या, आणि टेबलावर मांडलेला गोडाचा थाट. मी जवळ जाऊन पाहते तो काय, एका बशीत चक्क हलवा! संक्रांतीचा हलवा असतो ना आपला, काटेरी, पांढराशुभ्र, तोच. तिथल्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, त्या काळी बडीशेपेसारख्या बियांवर साखरेच्या पाकाचे एकेक पूट चढवून, भांडे विस्तवावर हलवत राहून, असे दाणे करीत. एकेका खेपेला तासन् तास लागत. मी म्हटले, बाई, माझ्या आईने शेगडीवर परात ठेवून बोटांची सालपटे निघेपर्यंत हेच केले आहे! लेकीने भाषांतर करून सांगितल्यावर त्यांनी माझी बोटे हातात घेऊन पाहिली. शेजारच्या बशीत बदामाची वडी, तीही ओळखीची. साखर तेव्हा इतकी महाग, की घरात साखरेचे पदार्थ मांडणे म्हणजे दागिने मांडण्यासारखेच.

आता एक गंमत सांगते. या पहिल्या खोलीनंतर थोड्याच वर्षांत इंग्लंडात नाताळ बंद झाला. खरेच बंद! राजाविरुद्ध लढणाऱ्या कडव्या धर्मसुधारकांच्या पार्लमेंटने १६४७ साली हुकूम काढला, की नाताळ, ईस्टर वगैरे सण पाळायचे नाहीत; पंचवीस डिसेंबर हा कामाचा दिवस. सणात खादाडी आणि मद्यपान होते, बायबलात त्याला आधार नाही, हा त्यांचा मुद्दा. लोकांनी ऐकले का? काही गावांत दंगे झाले. १६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि हिरव्या डहाळ्या पुन्हा उजळ माथ्याने घरात आल्या. सण हे कुणाच्या हुकमाने होत नाहीत आणि कुणाच्या हुकमाने जातही नाहीत, असे मी लेकीला म्हटले; तर ती म्हणाली, "आई, तू आता शाळेत नाहीस." (मी बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. सवय जात नाही.)

अठराव्या शतकातल्या खोल्या मी भराभर मागे टाकल्या; देखण्या आहेत, पण सण त्यांत बेताचाच. खरी करमणूक १८३०च्या दिवाणखान्यात. तिथे सोहळा पंचवीस डिसेंबरचा नव्हे, तर त्यानंतरच्या बाराव्या रात्रीचा. जानेवारीच्या पाच-सहा तारखेची ही रात्र म्हणजे सणाची सांगता, आणि त्या काळी नाताळच्या दिवसापेक्षा हिचीच मजा मोठी. मनुका, सुकवलेली फळे, लवंग, दालचिनी, जायफळ घातलेला भला मोठा केक. जुन्या काळी त्यात घेवड्याचा एक दाणा आणि एक वाटाणा लपवीत. ज्याला दाणा सापडेल तो त्या रात्रीचा राजा, जिला वाटाणा सापडेल ती राणी, मग तो घरचा नोकर का असेना. पुढे दाण्याऐवजी चिठ्ठ्या आल्या. चिठ्ठीत ज्या पात्राचे नाव निघेल त्याचे सोंग रात्रभर वठवायचे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात बारावी रात्र हळूहळू मागे पडली. लोकांना सुट्ट्या कमी, कारखाने सुरू. तिचा केक मात्र मागे राहिला नाही. तो पंचवीस तारखेला येऊन बसला, आणि आज आपण बेकरीतून आणतो तो नाताळचा केक तोच.

१८७०च्या खोलीत झाड आहे. आपल्याला वाटते नाताळ म्हणजे झाड, आणि ते येशूच्या जन्मापासूनचे! प्रत्यक्षात ही जर्मनीकडची चाल. राणी शार्लटने १८०० साली विंडसरला एक झाड लावले होते म्हणतात. पण ते राजवाड्यातच राहिले. १८४८ साली एका सचित्र साप्ताहिकाने व्हिक्टोरिया राणी, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुले झाडाभोवती उभी असलेले चित्र छापले, आणि मग मध्यमवर्गाच्या घरोघर झाड शिरले. म्हणजे ही प्राचीन परंपरा एका साप्ताहिकाच्या चित्रातून फैलावली. साप्ताहिकांच्या वाचकांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे!

शुभेच्छापत्रांचेही तसेच. १८४० साली एका पेनीत पत्र जाऊ लागले. हेन्री कोल नावाचे एक खटपटे गृहस्थ, पुढे दक्षिण केन्सिंग्टनच्या मोठ्या संग्रहालयाचे पहिले संचालक, त्यांना नाताळात इतक्या लोकांना उत्तरे लिहायचा कंटाळा आला. त्यांनी १८४३ साली चित्रकार हॉर्स्लेकडून एक कार्ड काढून घेतले, हजारभर प्रती छापल्या, उरलेल्या शिलिंगाला एक याप्रमाणे विकायला ठेवल्या. चित्रात सारे कुटुंब मद्याचे पेले उंचावते आहे, आणि एक चिमुरडी पोरही घोट घेते आहे. त्यावरून दारूबंदीवाले खवळले. १८९०च्या खोलीपर्यंत येता येता अशी कार्डे घराघरांत दिसू लागली होती. आणि नाताळच्या दुसऱ्या दिवसाला 'बॉक्सिंग डे' म्हणतात, त्याचा गुद्दागुद्दीशी काही संबंध नाही. त्या दिवशी पोस्टमन, नोकरचाकर, दूधवाला यांना पेटीतून बक्षिसी देत. आपली दिवाळीची पोस्तच की!

१९३५च्या खोलीत कॉकटेलचे पेले होते. १९६५च्या खोलीत दूरदर्शन संच आणि चंदेरी कागदाच्या माळा. तिथे मी जरा रेंगाळले. १९६५ साली मी शाळेत होते. आमच्या घरी तेव्हा एक रेडिओ होता आणि त्यावर आईने विणलेला रुमाल. शेवटची खोली १९९८ची : उंच छत, मोकळी जमीन, सामान नावाला. इथे सण कुठे लपवून ठेवला आहे ते शोधावे लागते.

एका दालनात मुलांसाठी टेबले मांडली होती. नातीने संत्र्यात लवंगा टोचून त्याचा सुगंधी गोळा केला. दोन तास तिची बोटे लवंगेच्या वासाने भरली होती. आजूबाजूला बंगाली आया, तुर्की आज्या, गोरे बाप गुडघ्यांवर बसून पोरांच्या संत्र्यांना फिती बांधताहेत. त्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी नाताळ नसेल. पण लवंगा टोचण्यात कुणी कमी नव्हते. नात मात्र काम करता करता मध्येच थांबून म्हणाली, "आजी, हे लोक झोपायचे कुठे?"

पोरीने बरोबर खोच काढली होती. अकराच्या अकरा खोल्या होत्या बैठकीच्या. पाहुण्यांना दाखवायच्या. चूल कुठे, शेज कुठे, पहाटे उठून तो निखारा पेटवणारी मोलकरीण कुठे अंग टाकीत होती, हे या रांगेत दिसत नाही. आपल्याकडचा वाडा नुसता ओसरी आणि दिवाणखाना दाखवून संपवला, तर माजघरातल्या बाया कुठे गेल्या म्हणून विचारावेच लागेल.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर अंगणाच्या कोपऱ्यात होते. चौदा नंबरचे घर.

पण तिकडे जाण्यापूर्वी मला माझी एक घरगुती भानगड सांगितली पाहिजे. माझे यजमान २०१४ साली गेले. पुण्यातला आमचा तीन खोल्यांचा ब्लॉक तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लेक एकुलती एक, तीही सातासमुद्रापार. मला कायमचे आपल्याजवळ ठेवावे अशी तिची आणि जावयांची फार इच्छा; पण २०१२ सालापासून तिकडचे नियम इतके कडक झाले आहेत, की परदेशातल्या वृद्ध आईबापांना जवळ आणून वसवणे बहुतेकांना अशक्यच झाले आहे. पाहुणी म्हणून जावे, सहा महिन्यांच्या आत परतावे. तेव्हा लेकीने दुसरा मार्ग शोधला होता. पुण्याबाहेर ज्येष्ठांसाठी नवी वसाहत निघाली होती. लिफ्ट, डॉक्टर, जेवण, बाग. प्रत्येकाला एक खोली. ब्लॉक विकायचा आणि तिथे पैसे भरायचे. पंधरा जानेवारीच्या आत नाव नोंदवायचे होते. गुळगुळीत कागदाचे ते माहितीपत्रक तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर चुंबकाने लावलेले होते, आणि महिनाभर आम्ही दोघी त्याच्याकडे न पाहता दूध काढत होतो.

चौदा नंबरचे घर ठराविकच दिवशी, थोड्या थोड्या लोकांना, तिकीट लावून दाखवीत. आमच्या सुदैवाने त्या दिवशी ते उघडे होते. संग्रहालयाने हे एकच घर पूर्वी जसे होते तसे पुन्हा उभे केले आहे. मध्ये जिना, खाली दोन खोल्या, वर दोन. एकेका खोलीत एकेक माणूस. एक खोली १७८०च्या दशकातली मांडली आहे, एक १८८०च्या. पहिलीत पलंग, शेकोटी, टेबल, खुर्ची, एक खिडकी. बस्स. पाणी बाहेरून आणायचे. सामान जे काही होते ते ज्याचे त्याने आपल्या आधीच्या घरून आणलेले. शंभर वर्षांनंतरच्या खोलीत थोडी ऊब जास्त : चहाची भांडी, भिंतीवर तसबिरी. पण पलंग तोच, एकाच माणसाचा.

बरोबरची गोरी मंडळी "किती लहान! बिचारी!" म्हणत होती. मला बिचारी वगैरे काही वाटले नाही. मी पाहत होते ते वेगळेच. शेकोटी तिची स्वतःची होती. दार तिचे होते. त्या दाराच्या आत आधीच्या संसारातल्या चार वस्तू तिने कशा बसवल्या असतील, काय आणले असेल आणि काय शेजारणीला देऊन टाकले असेल, याचा मी हिशेब करू लागले, आणि हिशेब करता करता माझ्याच घरातल्या वस्तू त्या खोलीत मांडू लागले. देव्हारा खिडकीपाशी. समई? समईला जागा होते. यजमानांची पुस्तके नाही मावत. पुरणयंत्राला काम नाही. आणि आकाशकंदील? तो कुठे टांगायचा?

बाहेर आल्यावर अंगणातल्या बाकावर बसून मी लेकीला विचारले, "त्या तुझ्या वसाहतीत दाराबाहेर कंदील लावू देतात का ग?"

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. "विचारते," म्हणाली.

जेफ्रीसाहेबांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती इथेच सांगते. म्हाताऱ्यांना घर देणाऱ्या या गृहस्थाचा पैसा कुठून आला? त्याचा काही भाग गुलामांच्या व्यापारातून आला होता. आफ्रिकेतली माणसे घरादारातून उचलून जहाजात कोंबायची, आणि ज्या बेटांवर न्यायची तिथल्या उसाच्या मळ्यांत राबवायची. त्या उसाची साखर लंडनच्या केकात. २०२० साली त्यांचा पुतळा दारावरून उतरवावा का, यावर तिथल्या लोकांचे मत मागवले. बहुसंख्यांनी उतरवा म्हटले. विश्वस्तांनी ठेवला, आणि पुढे त्यांच्या धंद्याची हकीकत सांगणारा फलक लावला. मला विचाराल तर मत मागवून ते बाजूला ठेवणे मला रुचले नाही. याच हॅकनी भागात, किंग एडवर्ड्स रोडवर, १९०० सालापासून 'आयांचे घर' होते. साहेबांची मुले सांभाळत हिंदुस्थानातून बोटीने आलेल्या आणि काम संपल्यावर वाऱ्यावर सोडलेल्या आयांना तिथे परतीची बोट मिळेपर्यंत आसरा मिळे. २०२२ साली त्या घरावर निळी पाटी बसली. त्या बायांपैकी कुणी दिवाळीला त्या खिडकीत पणती लावली असेल का, याची नोंद कोण ठेवणार?

संग्रहालय पुढे २०१८ साली मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झाले, २०२१ साली उघडले ते 'म्युझियम ऑफ द होम', म्हणजे 'घराचे संग्रहालय', हे नवे नाव घेऊन. २०२४ साली तर काही खोल्या अगदी नव्याने मांडल्या, निरनिराळ्या देशांतून लंडनला आलेल्या माणसांच्या घरांसकट. तेव्हा मी वर सांगितलेल्या खोल्या जशाच्या तशा सापडतील असे धरून जाऊ नये. जावे मात्र जरूर. अंगण आणि ती चौदा घरे आहेतच.

पंचवीस तारखेचे लंडन पाहण्यासारखे असते, कारण पाहायला काहीच नसते. आगगाडी नाही, भुयारी गाडी नाही, बस नाही, दुकाने बंद. एवढे अजस्र शहर दार लावून आत बसते. आपली दिवाळी रस्त्यावर येते, आवाज करते. ज्याच्या घरात कुणी नाही त्यालाही गॅलरीत उभे राहिले की सण दिसतो. इथे मात्र सण दाराच्या आत. समोरच्या घरात एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईंना लेकीने जेवायला बोलावले. त्या कागदी मुकुट घालून आल्या, दोन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि संध्याकाळी सातपर्यंत उठल्या नाहीत.

सहा जानेवारीला, शाळा सुटल्यावर, आम्ही पुन्हा हॉक्स्टनला गेलो. त्या दिवशी नाताळला निरोप देण्याचा कार्यक्रम असतो. दुपारी चारला, म्हणजे तिकडच्या हिशेबाने दिवेलागणीलाच, बागेत होळी पेटवली. आत सजवलेल्या हॉलीच्या आणि आयव्हीच्या वाळक्या डहाळ्या त्यात टाकायच्या. बाराव्या रात्रीनंतर घरात हिरवे ठेवले तर वर्ष वाईट जाते, अशी जुनी समजूत. गाणी झाली, मोठ्यांना मसाला घालून तापवलेले मद्य (मी नुसता वास घेतला, वास थेट आपल्या मसाल्याच्या डब्याचा), आणि सर्वांना केकचा तुकडा. हॉलीची पाने तडतड फुटत, लवंगी फटाक्यांसारखी. नात प्रत्येक तडतडीला उडी मारी.

लेकीला त्या दुपारीच उत्तर आले होते. तिने गर्दीतून बाजूला येऊन मला फोनवर वाचून दाखवले. दिवाळीनिमित्त सभागृहात सामूहिक दीपोत्सव होतो, फराळाची व्यवस्था असते. सुरक्षिततेच्या कारणास्तव खोल्यांच्या दाराबाहेर कंदील वा पणत्या लावण्यास परवानगी नाही.

"तसं बरोबरच आहे त्यांचं," ती म्हणाली. "आग लागली तर?"

"बरोबर आहे," मी म्हटले. "पण नाव नको नोंदवूस."

"आणि जिना, आई? गुडघे?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिचे डोळे भरून आले होते. धुराने म्हणावे तर धूर दुसऱ्या बाजूला जात होता. मी तिच्या कोटाच्या खिशात हात घातला, तिचा हात तिथेच होता. तेवढ्यात नात उरलेली एक डहाळी घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, ही तू टाक." मी टाकली.

तेव्हापासून दर दिवाळीच्या आधी लेक एखाद्या नव्या वसाहतीचे माहितीपत्रक पाठवते, आणि मी त्यांना कंदिलाचे विचारते. दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत लिफ्ट बसवण्याचा ठराव झाला. अजून बसते आहे. कंदील मात्र आता मी टांगत नाही, स्टुलावर चढायला मला मनाई आहे. शेजारचा मुलगा येऊन टांगतो. या वर्षीच्या पत्रकातल्या वसाहतीने कळवले आहे, की विजेचा कंदील चालेल, आठ वाजेपर्यंत. लेकीचा रोज फोन येतो. मी म्हटले आहे, नऊपर्यंत चालेल का ते विचार.